बर्फाला तारीख आहे, उसाला नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. चहा घेऊन बसा नाहीतर पुढे सरका.

सकाळी सरपंच ताईंसोबत तालुक्याला गेलो होतो, आरोग्य उपकेंद्राच्या प्रस्तावासाठी. आमचं गाव, शेजारची दोन गावं आणि वरचा तांडा मिळून एक उपकेंद्र मागतोय आम्ही. किती वर्षांपासून ते विचारू नका. टेबलावरच्या पोराने (पोरगंच आहे, नुकतं लागलेलं, बोलायला नीट) फाईल उघडली, मोबाईलवर बेरीज केली आणि म्हणाला, सर, बसत नाही. म्हटलं काय बसत नाही? तर लोकसंख्या. सपाट भागात उपकेंद्राला ५,००० लागते, तुमची २०११ च्या जनगणनेने भरत नाही. ताई म्हणाल्या, अहो मग आत्ता येऊन मोजा की, आम्ही कुठे पळून चाललोय. तो म्हणाला, ताई, मी मोजून काय उपयोग, जनगणनेचाच आकडा लागतो.

ताई माझ्याकडे बघायला लागल्या, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी खाली बघत बसलो. कारण त्या बेरजेतला एक आकडा माझ्या हातचा होता. २०११ ला आमच्या वस्तीचा प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणारा, मीच होतो.

बीड जिल्ह्यातल्या मित्रांना पुढचं सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईच्या आणि बाहेरदेशीच्या मंडळींसाठी सांगतो. २०११ ची गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारी. आता फेब्रुवारीत आमचा जिल्हा कुठे असतो? फडात असतो, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात ऊस तोडत. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट बेळगाव-बागलकोटपर्यंत, आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात असताना सरकार आमच्या दारावर येऊन विचारतं, घरात किती माणसं?

मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर वस्तीवर गेलो तर कुलूप, पुढचं घर कुलूप, त्याच्या पुढचं कुलूप. आदल्या उन्हाळ्यात याच घरांची घरयादी (गणनेचा पहिला टप्पा) केलेली, तेव्हा सगळी घरं भरलेली, दारादारात पाणी-चहा झालेला. शेवटच्या घरापुढे एक आजी बसलेली, सोबत तीन नातवंडं. आजी म्हणाली, काय लिव्हायलात गुर्जी? म्हटलं, माणसं मोजायलोय. मग म्हणाली, माझ्या लेकाचं लिव्हा, सुनंचं लिव्हा. आणि आम्हाला ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगितलेलं की जो माणूस गणनेच्या पूर्ण काळात बाहेर आहे त्याला इथे धरायचं नाही, तो जिथे सापडेल तिथे धरला जाईल. मी आजीला तसंच सांगितलं, की तिकडचे गुरुजी लिहितील. आजी म्हणाली, तिकडं कोन वळखतंय त्याला?

मी चार नावं लिहिली. आजी आणि तीन लेकरं. नियमाने अगदी बरोबर काम केलं मी. आज त्याच बरोबर कामाने माझ्या गावाचं उपकेंद्र गेलं.

आणि आता राग कशाचा येतोय सांगतो. सगळे म्हणतात जनगणनेची तारीख देशभर एकच असावी लागते, नाहीतर माणूस दोनदा मोजला जाईल. बरोबर आहे, मान्य. पण मग लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या बर्फाळ भागांसाठी वेगळी तारीख आहे की! देशाची १ मार्च २०२७ आणि त्यांची १ ऑक्टोबर २०२६. का, तर हिवाळ्यात तिथे रस्ते बंद, माणसापर्यंत पोचता येत नाही. एकदम योग्य, त्याबद्दल तक्रार नाही. १९७१ ला तर लोकसभेची निवडणूक आली म्हणून अख्ख्या देशाची तारीख १ मार्चची १ एप्रिल झाली होती. कोविडने २०२१ ची गणना इतकी वर्षं पुढे ढकलली. म्हणजे बर्फासाठी तारीख हलते, निवडणुकीसाठी हलते, रोगासाठी हलते. उसासाठी हलत नाही. फडावर पोचायला काय बर्फ आडवा येतो का हो?

बरं, तारीख नका हलवू. मी हट्ट करत नाही. पण हा माणूस कुठे आहे हे काय गुपित आहे का? कोणता कारखाना कधी सुरू झाला ते पुण्याच्या साखर आयुक्तालयाला माहीत असतं. कुठल्या मुकादमाकडे (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडे) किती कोयते आहेत ते कारखान्याच्या शेतकी विभागाला तोंडपाठ असतं, कारण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते, लाखांत पैसा अडकलेला असतो. (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जोडीला एक कोयता म्हणतात, यातच सगळं आलं.) ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, ग्रामसेवकांनी याद्या करायच्या, ओळखपत्रं द्यायची असं ठरलेलं आहे. मागे राहणाऱ्या लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, त्याची यादी तर आम्ही शिक्षकच करतो. एवढ्या याद्या! आणि जनगणनेचं ऑफिस, साखरवाले, जिल्हा परिषद यांची एक बैठक नाही, की बाबांनो फेब्रुवारीत हे लोक अमुक कारखान्याच्या हद्दीत कोप्या (पाचटाच्या झोपड्या) टाकून आहेत, तिथले गणनेचे गट आधीच पाडा, तिथल्या प्रगणकाला सांगून ठेवा.

त्या आजीचा लेक एप्रिलमध्ये आला. भेटल्यावर मी मुद्दाम विचारलं, तुला तिकडे मोजायला कोणी आलं होतं का? तो हसला. म्हणाला, मोजतेत की गुर्जी, रोजच मोजतेत. उसाच्या मोळ्या.

कुणी म्हणेल गुरुजी, तो तिथे मोजला गेलाच असेल, त्याच्या लक्षात नसेल. असेल बाबा. शेवटच्या रात्री बेघरांना शोधून मोजतात, त्यात आला असेल, देव करो आलाच असेल. पण तरी प्रश्न सुटतो का? तो तिकडे मोजला गेला तर तिकडच्या गावाची लोकसंख्या वाढली. वर्षाचे सहा-सात महिने तो राहतो आमच्याकडे, त्याची लेकरं शिकतात आमच्याकडे, त्याची बायको बाळंत होते आमच्याकडे, त्याची आई मेली आमच्याकडे. (हो, आजी गेली. मग सांगतो.) ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचा पैसा वाटताना १५व्या आयोगाने ९० टक्के वजन लोकसंख्येला दिलं आणि १० टक्के क्षेत्रफळाला. म्हणजे साखरही तिकडे आणि त्याच्या डोक्यावरचा निधीही तिकडे. आणि बेळगावला मोजला गेला असेल तर तो महाराष्ट्राच्या आकड्यातही नाही. रेशनचं तेच, अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, राज्याची मर्यादा सात कोटी माणसांची, तीही २०११ वरूनच काढलेली. नवीन नाव घालायला गेलं की इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेला कोटा, संपलाय.

आमच्या गावाची माणसं किती हे आज मला कोणी विचारलं तर मी पाच आकडे देऊ शकतो. आशाताईच्या रजिस्टरचा वेगळा, अंगणवाडीचा वेगळा, रेशनच्या ऑनलाईन यादीचा वेगळा, मतदार यादीवरून अंदाज वेगळा आणि जनगणनेचा वेगळा. पाचही सरकारी. आशाताईचा सगळ्यात खरा, कारण ती बाई उंबरा न उंबरा फिरते. आणि प्लॅनिंगला चालत नाही तोही तिचाच.

जिल्हा सांख्यिकी कार्यालयाची माणसं वाईट नाहीत, मी बघितलीत. दरवर्षी जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतात, त्यात विहिरींपासून दवाखान्यातल्या खाटांपर्यंत सगळं असतं, मेहनत दिसते. पण लोकसंख्येचं पान उघडलं की पुन्हा २०११, पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार. त्यांच्या हातात काय आहे? जिल्हा नियोजन समिती ७४व्या घटनादुरुस्तीने आली, कल्पना अशी की गावांचे आणि शहरांचे आराखडे एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा व्हावा आणि समितीत निवडून आलेल्या लोकांचं बहुमत असावं. प्रत्यक्षात २०२२ ला जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक. मग बैठकीत काय होतं ते पेपरात वाचतोच आपण, निधी कुणाला किती, कुणाचा अखर्चित. आकडा कुठून आला हे विचारताना मी तरी कुणाला ऐकलं नाही.

पूर्वी निदान अनुशेष, म्हणजे एखाद्या भागाचा राहून गेलेला विकास, हा शब्द तरी ऐकू यायचा. दांडेकर समितीने १९८४ ला खात्या-खात्याचा हिशोब मांडला, ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला. लोक त्यावरही भांडले, पण कागद समोर ठेवून भांडले. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली. ती फार काही करत होती असं नाही, खोटं कशाला बोलू. पण ३० एप्रिल २०२० ला मुदत संपली आणि मराठवाड्याचं काय कमी आहे हे सरकारी कागदावर मोजायची ती एक जागा बंद झाली. आम्ही सगळे तेव्हा लॉकडाऊनमध्ये कडधान्य भिजत घालत होतो.

जनगणनेच्या विरोधात मी नाही हां. त्याच २०११ ने बीडचा शून्य ते सहा वयाचा आकडा दाखवला, हजार मुलांमागे ८०७ मुली, आणि तोंड लपवायला जागा राहिली नाही कुणाला. असा एक आकडा काय करू शकतो ते आम्ही बघितलंय, म्हणून तर जीव तुटतो. आता सगळीकडे चर्चा जनगणनेतल्या जातीच्या रकान्याची. महत्त्वाचा आहेच, मी स्वतः त्या बाजूचा आहे. पण माणूसच घरी नसेल तर रकाना कुणाचा भरणार? वंजारी, बंजारा, दलित, यातलीच किती माणसं फडात असतात ते आपल्याला माहीत आहे.

सकाळचा राग आता जरा उतरलाय. त्या पोरावर तर अजिबात नाही. निघताना तो हळूच म्हणाला, सर, मी पण कोयत्यावरचाच आहे, माझे आईवडील अजून जातात. मग दोघंही काही बोललो नाही. त्याने प्रस्ताव ठेवून घेतलाय, आशाताईच्या रजिस्टरची प्रत जोडा म्हणाला, वर पाठवून बघतो. वर काय होईल ते तुम्हीही जाणता आणि मीही.

आजी ज्या वर्षी गेली तेव्हाही हंगामच होता. लेक-सून पोचायच्या आत आम्ही उरकलं.

आता एक विचारायचं होतं, त्यासाठीच एवढं टायपिंग. माझ्या यादीत सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे बरेच शिक्षक आहेत, २०११ ला तुम्हीही प्रगणक असाल. तुमच्या गटात उसाच्या फडाजवळ कोप्या होत्या का? तुम्ही आत जाऊन लिहिलं होतं का? खरं सांगा, कुणी नावं ठेवणार नाही. कुणीतरी लिहिलं होतं एवढं कळलं तरी मला बरं वाटेल.