घरी बांधलेल्या विमानाला हात कोणी लावायचा?

गेल्या आठवड्यात भाच्याचा टेक्सासहून फोन आला. त्याने नुकतंच एक वापरलेलं आरव्ही-7 घेतलंय, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून घरी बांधलेलं छोटं विमान. "मामा, आता वार्षिक तपासणीची सही मीच करायची ना? आईने ग्रुपवर टाकलंय, वाचलं नाहीस का?"

वाचलं, आणि डोकं फिरलं. अमेरिकेतल्या होमबिल्ट, म्हणजे हौशी लोकांनी घरी बांधलेल्या, विमानांबद्दलचा हा मजकूर महिनाभर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं सार असं: एक्सपेरिमेंटल विमानाला (होमबिल्ट याच गटात येतात) देखभालीचे नियम नाहीत, मालकाने हवा तो बदल करावा आणि उडावं, कोणाला सांगायची गरज नाही, विमान विकत घेतलं की बांधणाऱ्याचं सर्टिफिकेटही सोबत येतं, 51 टक्के काम स्वतः केलेलं नसेल तर मात्र पान्यालाही हात लावता येत नाही, आणि विमानाचा खर्च जड झाला तर लोकांना पैसे घेऊन फिरवून आणावं. मी स्वतः आठ वर्षं गॅरेजमध्ये घालवून असंच विमान बांधलंय. घरातलाच पोरगा यावर विसंबून उडायला निघाला, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी त्यातलं खरं तेवढं सांगतो, कारण बाकीचं खोटं त्याच्याच आधाराने पसरतं. विमानाची देखभाल कोणी आणि कशी करायची हे एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, नियमावलीतला भाग 43 ठरवतो. त्याच्या पहिल्याच कलमात, 43.1 मध्ये, म्हटलंय की एक्सपेरिमेंटल सर्टिफिकेट असलेल्या विमानाला हा भाग लागू नाही. त्याच विमानाला पूर्वी दुसऱ्या प्रकारचं सर्टिफिकेट मिळालेलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तेल बदलणं, ब्रेक बसवणं, पंखाचा पत्रा बदलणं, फार काय इंजिन उतरवून दुसरं चढवणं, हे काम कोणीही करू शकतं. मालक, शेजारी, मालकाची मुलगी. मेकॅनिकचं लायसन्स लागत नाही. हे मान्य.

पण दरवर्षी कंडिशन इन्स्पेक्शन (विमान उडण्यालायक आहे का याची तपासणी) करावं लागतं आणि त्यावर सही करायला लायसन्स लागतं. हे भाग 43 मध्ये शोधायचं नाही. प्रत्येक विमानाला सर्टिफिकेटसोबत ऑपरेटिंग लिमिटेशन्सची (उडवण्याच्या अटींची) पानं मिळतात, ती विमानातच ठेवावी लागतात, आणि ही अट त्यात लिहिलेली असते. मजकूर लिहिणाऱ्याने ती पानं उघडलेलीच नाहीत. सही सहसा करतो तो रिपेअरमन सर्टिफिकेट (बांधणाऱ्याला एफएएकडून मिळणारा तपासणीचा परवाना) असलेला बांधणारा किंवा ए अँड पी, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा आणि इंजिनाचा परवाना असलेला मेकॅनिक. साध्या सेसनाच्या, म्हणजे कारखान्यात बनलेल्या छोट्या विमानाच्या, वार्षिक तपासणीला आयएवाला (तपासणीचा जादा अधिकार असलेला मेकॅनिक) लागतो, तो इथे लागत नाही.

आता भाच्याचा प्रश्न. बांधणाऱ्याचं सर्टिफिकेट त्या माणसाचं असतं आणि त्या एकाच विमानापुरतं असतं. विमान विकलं तरी ते त्याच्याच खिशात राहतं. नवा मालक बोलावेल तर तो येऊन सही करू शकतो. गाडीच्या आरसीसारखं ते खरेदीदाराच्या नावावर चढत नाही.

51 टक्क्यांचा नियम विमान बांधतानाचा. निम्म्याहून जास्त काम हौशी लोकांनी शिकण्यासाठी किंवा आवडीसाठी केलं असेल तरच ते विमान या गटात बसतं. दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही. आणि पैसे घेऊन माणसं नेणं कलम 91.319 ने सरळ बंद केलंय.

सगळ्यात घातक आहे ते "कोणाला सांगायची गरज नाही" हे वाक्य. वजन, तोल, मजबुती किंवा उडण्याच्या गुणांवर परिणाम करणारा मोठा बदल केला, उदाहरणार्थ ठरावीक पिचचा (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रॉपेलर काढून कॉन्स्टंट स्पीड (पात्यांचा कोन बदलत राहणारा) बसवला, तर बहुतेक विमानांची हीच पानं सांगतात: एफएएच्या स्थानिक कार्यालयाला कळवा, विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात न्या, ठरलेल्या क्षेत्रात प्रवासी न घेता किमान पाच तास उडवा, लॉगबुकात नोंद करा. प्रॉपेलरचं वजन वाढलं की नाकाकडे भार सरकतो. आधी माणूस एकट्याने ते आकाशात तपासून बघतो, मग बायकोमुलांना शेजारी बसवतो.

आणि बदल कायद्यात बसला म्हणून तो सुरक्षित होत नाही. गायक जॉन डेन्व्हर 12 ऑक्टोबर 1997 ला कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रात कोसळून गेला. विमान लाँग-ईझी नावाचं होमबिल्ट, दुसऱ्याने बांधलेलं, त्याने नुकतंच घेतलेलं. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलायचा खटका वैमानिकाच्या समोर, पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे नेला. कॉकपिटमध्ये इंधनाच्या नळ्या नकोत, हे त्याचं कारण. खटक्यावर खूण नव्हती. इंधन किती उरलंय ते बसल्या जागेवरून दिसत नव्हतं, म्हणून मेकॅनिकने डेन्व्हरला एक आरसा दिला. खटक्यापर्यंत हात पोचेना, म्हणून पकड लावून पाहिली, तरी जमलं नाही. मागे वळून हात लांबवताना उजवा पाय आपोआप रडरच्या (विमानाचं नाक वळवणाऱ्या) पेडलवर दाबला जातो, हे एनटीएसबीच्या, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाच्या, तपासात दिसलं. हजारो तास उडालेला माणूस होता. याच एनटीएसबीच्या 2012 च्या अभ्यासात, 2011 मध्ये अपघात झालेल्या होमबिल्ट विमानांपैकी निम्म्याहून जास्त वापरलेली विकत घेतलेली निघाली.

माझ्या चौथ्या तपासणीत एक्झॉस्ट पाइपच्या वळणावर केसाएवढी तड्याची रेघ सापडली. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उतरवून, बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घेऊन मागून पाहिलं तेव्हा. वरून काहीच दिसत नव्हतं, आणि आदल्या रविवारी मी बायकोला घेऊन दीड तास उडालो होतो.

भाच्याकडून लॉगबुकाचे फोटो मागवले. विमानावर कॉन्स्टंट स्पीड प्रॉपेलर आहे. लॉगबुकात ठरावीक पिचच्या प्रॉपेलरचीच नोंद आहे, बदलाची नाही, पाच तासांचीही नाही. मूळ बांधणाऱ्याला उद्या फोन लावतोय. तोवर विमान हँगरबाहेर काढणार नाही, असं त्याच्याकडून आणि ताईकडून, दोघांकडून कबूल करून घेतलंय.