पेन्सिलीएवढी भोकं

ट्रंकेतून माकडटोपी काढली आणि डोक्यात घालण्याआधी सवयीने झटकली. खाली लोकरीच्या बारीक गोळ्या पडल्या आणि उंदरांनी कुरतडलेल्या शेंड्यातून माझी दोन बोटं आरपार बाहेर आली. बोटं तशीच हलवून मी बायकोला दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे थंडी आली."

आमच्या थंडीला पुण्याचा मेहुणा हसतो. वेंगुर्ल्याच्या आसपास डिसेंबरात पहाटेचा पारा उतरून उतरून 17-18 वर येतो आणि तेवढ्यावर आम्ही अंगणात पाचोळा पेटवून हात शेकत बसतो. मेहुण्याच्या मते ही थंडी नव्हे, हा नुसता पंखा बंद करण्याचा हंगाम. उंदीर मात्र या बाबतीत पूर्ण आमच्या बाजूने आहेत.

तसं पाहिलं तर त्यांना थंडीपेक्षा भाताचं जास्त पडलेलं असतं. दिवाळीच्या मागेपुढे कापणी होते, खळ्यात झोडणी होते आणि कालपर्यंत गुडघाभर उभं असलेलं शेत एका आठवड्यात बोडकं होतं. भात पोत्यांतून माळ्यावर चढतं, पेंढा मागीलदारी रचला जातो. "शेतातला भात घरात इला, मगे ते खंय जातले?" असं आई दरवर्षी विचारते. विचारण्याचा सूर असा, की जणू उंदीर तिचे माहेरचे आणि त्यांची सोय मी करायला हवी होती.

यंदा मी शास्त्रशुद्ध मार्गाने जायचं ठरवलं. मोबाइलवर एक तज्ज्ञ सांगत होते, की उंदीर मारत बसू नका, त्यांची वाट बंद करा. ज्या भोकात पेन्सिल जाते त्या भोकातून लहान चणीचा उंदीर आत येतो. 6 मिलिमीटर पुरतात. एकदा डोकं गेलं, की बाकीचं अंग तो मागून ओढून घेतो. तज्ज्ञांच्या मागे दिसणारं घर गुळगुळीत, पांढरंशुभ्र होतं आणि त्याला भोक असं एकच होतं, ते म्हणजे दार.

रविवारी सकाळी मुलाची पेन्सिल घेऊन मी निघालो. लोट्यापासून, म्हणजे पुढच्या ओसरीपासून, सुरुवात केली. दाराखाली पेन्सिल गेली. चौकटीच्या कोपऱ्यात गेली. विजेची वायर आत येते तिथे पेन्सिल गेली, शिवाय माझी करंगळीही गेली. न्हाणीच्या मोरीत तर पेन्सिल कंपासपेटीसकट गेली असती. मग भिंत. आमची भिंत जांभ्या चिऱ्याची, म्हणजे मुळातच भोकांची. प्रत्येक भोकात पेन्सिल घालून ते आरपार आहे की नुसतंच चिऱ्याच्या स्वभावातलं आहे, हे बघण्यात दीड तास गेला. खडूने खुणा करत गेलो. सेहेचाळीस झाल्यावर मान वर केली आणि हातातली पेन्सिल आपोआप खाली आली.

वर कौलं होती.

1865 साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे सगळ्या किनाऱ्याने जुने अर्धगोल नळे उतरवून ही चपटी लाल कौलं चढवली. कौल ही फार गुणी वस्तू आहे. पाऊस बाहेर ठेवते, चुलीचा धूर बाहेर सोडते, उन्हाळ्यात वारा खेळवते. पण हे सगळं ती फटींच्या जोरावर करते. भिंत जिथे संपते आणि वासे जिथे टेकतात तिथे आमच्या घराला चहूबाजूंनी वीतभर मोकळी जागा आहे. आजोबांनी ती हौसेने ठेवलेली आहे. त्यातून मांजर जातं. त्यात भर म्हणून मागच्या माडाची एक झावळी थेट कौलावर टेकलीय. उंदीर खोडावरून चढतो, शेंड्यात एखादं कोवळं शहाळं पोखरून नाश्ता करतो आणि झावळीवरून चालत घरी येतो. माडाच्या खोडाला डोक्याच्या वर पत्रा गुंडाळावा म्हणजे उंदराला पकड मिळत नाही, हा उपाय खरा आहे. मी तो केलाही. पण शेजारच्यांच्या माडाला पत्रा नाही आणि दोन्ही माडांच्या झावळ्या एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या आहेत. शेजाऱ्यांचे आणि आमचे संबंध इतके जवळचे फक्त तिथेच.

तरीही खालची भोकं बुजवायची ठरली. नुसतं सिमेंट उंदीर ओलं असतानाच उकरतो, म्हणून त्यात काच कुटून घालायची आणि मोठ्या भोकात आधी तारेची घासणी कोंबायची. संध्याकाळपर्यंत घरातल्या तिन्ही घासण्या भिंतीत गेल्या. भांडी नारळाच्या सोडणाने घासताना बायको काही बोलली नाही, पण टोप नेहमीपेक्षा जास्त वाजत होते.

त्या रात्री माळ्यावर जो धिंगाणा झाला तसा कधीच झाला नव्हता. पहाटे तीनला मला उलगडा झाला, की मी खालची सगळी भोकं बुजवली तेव्हा उंदीर घरातच होते. ते आता नेहमीच्या खालच्या वाटेनेच बाहेर पडायला बघत होते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि कुरतडून झिजवले नाहीत तर त्याचीच पंचाईत होते, हे मी शाळेत वाचलं होतं. माझ्यामुळे त्यांच्या दातांची सोय झाली. दोन दिवसांत मागीलदाराच्या फणसाच्या फळीला नवीन भोक पडलं. पेन्सिल घालून पाहिली. ऐसपैस गेली.

मग पिंजरा आणला. आमिषावरून घरात दोन तट पडले. मी भाजलेल्या सुक्या बोंबलाच्या बाजूने, आई सुक्या खोबऱ्याच्या. शेजारची काकी कुंपणावरून म्हणाली, "कांदाभजी घाल. पण पिंजरो आधी धुवन घे, उंदराक माणसाचो वास येता." भजी तळली गेली. पिंजऱ्यात एक गेली, बाकीची आम्ही खाल्ली. हा संपूर्ण मोहिमेतला एकमेव यशस्वी कार्यक्रम.

सकाळी पिंजऱ्यात चिचुंद्री होती. बायकोने किंकाळी फोडली, चिचुंद्रीने त्याहून बारीक. खरं म्हणजे चिचुंद्री उंदीर नव्हेच. ती किडे, झुरळं खाते, तिला धड दिसत नाही म्हणून भिंतीच्या कडेकडेने जाते आणि तिचा तो वास सोडला तर तिच्यासारखी निरुपद्रवी पाहुणी नाही. हे मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "वास सोडला तर ना?" चिचुंद्रीला पेंढ्यापाशी सोडून दिलं. आठवडाभरात ती आणखी दोनदा भजी खायला आली.

उरलं औषध. विषाला औषध म्हणण्याइतके सभ्य आपणच. ते घरात ठेवताना मोठ्याने बोलायचं नाही, उंदीर ऐकतो, हा आमच्याकडचा नियम. म्हणून मी आणि बायको मागीलदारी उभे राहून, चोरी करायला निघाल्यासारखे, कुजबुजत होतो. "कुठे ठेवायचं?" "ते." "ते म्हणजे?" "तेच ते." उंदीर ऐकत असेल-नसेल, पण तो हुशार आहे हे नक्की. नवा पदार्थ तो आधी चिमूटभर खाऊन बघतो. पोटात दुखलं, की पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणूनच रक्त पातळ करून सावकाश मारणारी औषधं निघाली. त्यातलं वॉरफरिन 1948 च्या सुमाराला उंदरांसाठी बाजारात आलं आणि काही वर्षांतच डॉक्टर ते माणसांनाही देऊ लागले. काका गेली चार वर्षं तीच गोळी घेतायत. हे त्यांना सांगायची चूक मी केली. तेव्हापासून ते गोळी घेताना माळ्याकडे बघतात.

औषधाला शेवटी आईने मनाई केली. उंदीर मरायला माळ्यावरच्या भाताच्या पोत्यांमागे जातो आणि मग आठ दिवस घरात कोणी जेवू शकत नाही, हा तिचा अनुभव. बोका पाळून झाला होता. तो चुलीच्या उबेला झोपतो आणि मासे आले की उठतो.

कार्तिकातल्या जत्रेला आम्ही रात्रभर दशावतार बघून पहाटे घरी आलो होतो, तेव्हा माळ्यावरचा दशावतार अजून रंगात होता. आम्ही त्याला इतके सरावलो होतो, की डिसेंबर संपता संपता एका रात्री जाग आली ती आवाजाने नव्हे. आवाज नव्हता. खुडबूड नाही, पळापळ नाही, कौल सरकल्याचा खर्रकन आवाज नाही.

सकाळी शिडी लावून वर गेलो. मधल्या वाशाला, पोत्यांच्या वर, एक लांबलचक कात लोंबत होती. वाऱ्याने हलत होती. माझ्यापेक्षा लांब. मी शिडीच्या पायऱ्या न मोजता उतरलो.

आईने खालूनच निकाल दिला. "धामण ती. बापडी येता, खाता, जाता. तिका काय करू नको." धामण बिनविषारी असते, उंदरांची कर्दनकाळ असते, शेतकऱ्याची मैत्रीण असते, हे सगळं मलाही ठाऊक आहे. पण मैत्रिणीने अंथरुणाच्या बरोबर वर राहू नये असं माझं मत आहे. रात्री तिचं नाव घ्यायचं नाही म्हणून आम्ही 'जनावर' म्हणत होतो आणि 'जनावर' म्हटल्यावर ते दुप्पट मोठं वाटत होतं.

त्या रात्री, दुसऱ्या रात्री, तिसऱ्या रात्री वळईत, म्हणजे माजघरात, आम्ही पाचही जण उताणे पडून वर बघत होतो. बायकोने मुलाला मध्ये घेतलं. काका गोळी घ्यायची विसरले. इतकी शांतता या घरात मी जन्मापासून ऐकली नव्हती.

चौथ्या रात्री अडीचच्या सुमाराला माळ्यावर काहीतरी हललं. आधी बारीक खरखर, मग भाताचे चार दाणे फळीवरून टपटपत आले, मग नेहमीची, ओळखीची पळापळ. बायकोने श्वास सोडलेला मला ऐकू आला.

"असा हां," अंधारात आई म्हणाली आणि कूस बदलून घोरायला लागली.