खुलासा : चुकीची गोळी दिली तर केमिस्टही जबाबदार

‘डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही म्हणून चुकीचं औषध गेलं, तर दुकानदार जबाबदार नाही’ असा मेसेज फिरतोय. तो खोटा आहे. सुवाच्य लिहिणं डॉक्टरांचं कर्तव्यच; पण अक्षर लागत नसेल तर अंदाजाने गोळी द्यायची नसते, डॉक्टरांना फोन करायचा असतो. हायड्रॉक्सिझिन खाजेवरची, हायड्रॅलाझिन रक्तदाबाची. नावं किती जवळची बघा! १९४५च्या औषध नियमांतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावं लागतं. काउंटरवरच्या मुलाने दिलं, ही सबब होत नाही. चूक लक्षात आली की आधी डॉक्टर गाठा. बिल, चिठ्ठी आणि बॅच नंबर असलेली स्ट्रिप फेकू नका. महाराष्ट्रात तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे. भरपाईसाठी ग्राहक आयोग, मुदत २ वर्षं.