झोप फार लागते? मग टीम घ्या

गाठीला बरा पैसा साचलाय, बीपी जागेवर आहे आणि पाठ टेकताच घोरायला लागता? ही लक्षणं चांगली नाहीत. एवढा पैसा येऊनही माणूस सुखात दिसला की चार लोक काय म्हणतील? यावर इलाज एकच. क्रिकेटची टीम विकत घ्या.

आयपीएलचीच पाहिजे असं नाही. आमच्याकडे कापसाची वेचणी उरकत आली की गावोगाव टेनिस बॉलच्या लीग सुरू होतात. समाजभवनात लिलाव, माइकवर गुरुजी, भिंतीवर पोट्ट्यांचे फोटो. काल संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर रिकामा बसणारा पोट्टा बोली सुटली की 'आपला मेन बॉलर' होतो. मग त्याला बूट लागतात. बूट आले की गुडघा दुखतो. गुडघा बरा झाला की सेमीफायनलच्याच दिवशी मावसभावाचं लग्न निघतं आणि त्याला वरातीतून उचलून आणायला तुमचीच गाडी जाते. डिझेल अर्थातच मालकाचं.

फ्लेक्सकडे मात्र जातीनं लक्ष द्या. टीम हरली तर लोक विसरतात, पण तुमचा फोटो आमदारसाहेबांच्या फोटोपेक्षा बोटभर मोठा छापला गेला तर पुढच्या निवडणुकीपर्यंत कोणी विसरत नाही. गॉगल हवाच, कानाला मोबाइलही हवा. (फ्लेक्सवरच्या माणसाला सारखा कोणाचा फोन येत असतो, हे मला अजून कळलेलं नाही.)

मोठ्या पैशात मोठा मनस्ताप मिळेल का, ही शंका मनातून काढून टाका. 2008 साली विजय मल्ल्यांनी बंगळूरची टीम 11.16 कोटी डॉलरला घेतली. तिच्याहून महाग फक्त मुंबई. आठ टीममध्ये नंबर आला सातवा. आणि सगळ्यात स्वस्त, 6.7 कोटी डॉलरची राजस्थान कप घेऊन गेली. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. महागाचं बियाणं उगवलंच नाही आणि शेजाऱ्यानं घरचं पेरलेलं सोयाबीन कमरेला लागलं, असं दर दोन वर्षांनी आपण बघतोच. बंगळूरनं कप उचलला थेट 2025 मध्ये. तोवर मल्ल्यांना देश सोडून नऊ वर्षं झाली होती आणि टीमचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर होता.

लखनौचं उदाहरण तर वहीत लिहून ठेवा. संजीव गोयंकांच्या समूहानं 2021 मध्ये ही टीम 7,090 कोटींना घेतली. आकडा डोक्यात शिरत नसेल तर 2025-26 च्या 8,110 रुपये हमीभावानं हिशेब करा : सुमारे 87 लाख क्विंटल कापूस. (जिनिंगवर तेवढ्या गाड्यांची रांग लावली तर शेवटचा शेतकरी कुठे उभा असेल, याचा विचार मी अर्ध्यात सोडला.) पुढे 2024 च्या लिलावात ऋषभ पंत 27 कोटींना, म्हणजे आणखी 33 हजार क्विंटल. 2025 चा सीझन जवळपास कोरडाच गेला. टीम बाहेर पडली आणि मग शेवटच्या मॅचला गड्याची बॅट बरसली. 61 बॉलमध्ये नाबाद 118. मैदानातच कोलांटउडी मारली. काढणीला आलेल्या तुरीवर पाऊस यावा, तसा.

बरं, तीही मॅच गेली. घालवली कोणी? बंगळूरकडून खेळणाऱ्या अमरावतीच्या जितेश शर्मानं, 33 बॉलमध्ये नाबाद 85 ठोकून. किंमत 11 कोटी. त्या रात्री आमच्या पानठेल्यावर जो माणूस सगळ्यात जास्त नाचला, त्याची खर्ऱ्याची उधारी चार महिन्यांची होती. असा आनंद तुम्हाला परवडणार नाही. तुम्ही मालक आहात, तुमच्यावर कॅमेरा असतो.

काही जण म्हणतील, त्यापेक्षा शंकरपटाची, म्हणजे शर्यतीच्या बैलांची जोडी ठेवा. चुकूनही ठेवू नका. 2014 ला बंदी आली, डिसेंबर 2021 ला अटींसह उठली. मधली सात वर्षं कित्येकांनी पट नसताना ढेप चारली आणि बैलाकडे बघून समाधान मानलं. हरलेल्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला तर तो मान हलवतो. इन्स्टावर 'टाइम सबका आता है' टाकत नाही. अशानं झोप कशी उडणार?

आमच्या गावचे कृषी केंद्रवाले भाऊ बघा. पूर्वी दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या पेंगायचे. तीन वर्षांपूर्वी टीम घेतली, आता रात्री दोनला बॅटिंग ऑर्डर लिहितात. वहिनींनी रोडग्यांचं जेवण घातलं, बुवाचा अंगारा आणला, शेवटी खेळपट्टीवर नारळही फोडला. एका बॉलरचा पाय त्याच्याच करवंटीवर मुरगळला.

मागच्या फायनलला मॅच सहा रनांनी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी शटर वर केलं तर पहिलं गिऱ्हाईक उभंच होतं. गव्हाला युरिया पाहिजे, तोही उधारीत, मागचे बाकी असताना. भाऊंनी निमूट वही उघडली, नाव लिहिलं, पोतं काढून दिलं. गिऱ्हाइकानं पोतं गाडीवर टाकलं, किक मारली आणि मग आठवल्यासारखी बंद केली.

"भाऊ, रागावू नका, पन सातव्या ओव्हरले त्या स्पिनरले बॉल काऊन देल्ला तुमी?"