महामारीवर वाद घालायचाय? आधी सरकार निवडा

परवा एका लग्नात बुफेच्या रांगेत दोन काका हातात ताटं घेऊन भांडत होते. विषय कोरोना. इतक्या वर्षांनी! एक म्हणत होते "धारावी बघा धारावी", दुसरे म्हणत होते "लस कोणी दिली ते सांगा आधी", आणि मागची रांग पनीरपाशी तुंबलेली. शेजारी नवरीचा मामेभाऊ उभा होता, वीसेक वर्षांचा, तोंड उघडं टाकून बघत. त्याला यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की ही पोरं २०२० ला शाळेत होती, मोबाईलवर तास बघत होती, आता मतदार झालीत आणि यांना साधं कोरोनावर भांडता येत नाही. म्हणून हे चार शब्द, अनुभवाचे.

सगळ्यात आधी सरकार निवडा. रोग कसा पसरतो, बेड किती होते, डॉक्टर किती होते, हे सगळं नंतर, नाही कळलं तरी चालतं. आपण महाराष्ट्रातले लोक याबाबतीत फार नशीबवान, कारण आपल्याकडे तेव्हा दोन सरकारं होती आणि दोन्ही एकमेकांच्या विरोधातली. दिल्लीत एक, मुंबईत दुसरं. ज्या राज्यांत वर खाली एकच पक्ष होता तिथल्या लोकांनी बिचाऱ्यांनी खापर फोडायचं कोणावर? आपल्याकडे एक डोकं खापराला आणि एक गळा हाराला कायम तयार. नियम एकच, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. चांगलं झालं तर आपल्या सरकारने केलं, वाईट झालं तर त्यांच्या सरकारने होऊ दिलं.

आता सराव. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टीव्हीवर सांगितलं की बारा वाजल्यापासून देश बंद. चार तास. तुम्ही केंद्रवाले असाल तर याला धाडसी निर्णय म्हणायचं, वेळ दिला असता तर लोक गावोगाव पळाले असते म्हणायचं (ते तसेही चालत निघालेच, पण तिकडे वळायचं नाही). राज्यवाले असाल तर चार तासांत माणूस किराणा तरी भरेल का असं विचारायचं, हातावर पोट असलेल्यांचं काय असं विचारायचं. पाठ झालं? आता एप्रिल २०२१. राज्याने 'ब्रेक द चेन' म्हणून सगळं बंद केलं. इथे दोघांनी फक्त कागद बदलायचे. केंद्रवाल्यांना हातावर पोट असलेला माणूस एकदम आठवला पाहिजे, सलूनवाला, रिक्षावाला, हॉटेलातला वेटर, आणि राज्यवाल्यांनी "जीव राहिला तर धंदा राहील" हे वाक्य वर्षभरापूर्वी समोरच्याने ज्या सुरात म्हटलं होतं त्याच सुरात म्हणायचं. मी हे दोन्ही एकाच सोसायटी ग्रुपवर, त्याच माणसांकडून वाचलेलं आहे. स्वल्पविरामसुद्धा बदलला नव्हता.

थाळ्यांच्या बाबतीत जरा सांभाळून. आमच्याकडे आजीची पितळी परात होती. २२ मार्चला संध्याकाळी पाचला ती गॅलरीत उभं राहून लाटण्याने इतकी बडवली की कडेला पोचा आला आणि आता ती ओट्यावर नीट बसत नाही, कणीक मळताना डुगडुगते. बायको म्हणते तो डॉक्टर नर्सचा सन्मान होता, मेहुणा म्हणतो निव्वळ तमाशा होता. वाजवली मात्र दोघांनी होती. मेहुण्याने जास्त. व्हिडिओ आहे. तेव्हा वादात उतरण्याआधी २०२० च्या मार्च एप्रिलमधले स्वतःचे व्हिडिओ एकदा बघून घ्या आणि काय ते डिलीट करा, त्यात ५ एप्रिलचे नऊ मिनिटांचे दिवे पण आले.

औषधांवर तर वादच घालू नका, तिथे सगळेच उघडे पडतात. 'गो कोरोना गो' होतं, एका केंद्रीय मंत्र्यांनी हातात घेऊन दाखवलेला पापड होता, आणि आर्सेनिकम अल्बम नावाच्या होमिओपॅथीच्या गोळ्या होत्या. त्या तर घरोघरी. आमच्या वॉर्डात एका महिन्यात तीन पक्षांच्या तीन डब्या आल्या. गोळ्या त्याच, गोड, पांढऱ्या, झाकणावरचा फोटो फक्त वेगळा. आमच्या बाबांनी तिन्ही संपवल्या, कोणाला दुखवायला नको म्हणून.

देवळं आणि बार हा मात्र हुकमी विषय. ऑक्टोबर २०२० मध्ये बार उघडले आणि देवळं उघडली पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. मधल्या दिवसांत राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तुम्ही अचानक सेक्युलर झालात का असं विचारलं, मुख्यमंत्र्यांनी उलट पत्र लिहून मला तुमच्या प्रमाणपत्राची गरज नाही असं कळवलं. आजाराचं काय ते दोन्ही पत्रांत शोधायला लागतं. या विषयावर बोलताना तुम्ही त्या काळात देवळात किती वेळा गेला असतात आणि बारमध्ये किती वेळा गेलात हे कोणी विचारत नाही, त्यामुळे बिनधास्त बोला.

आता आकडे. आकड्यांशिवाय वाद म्हणजे मिठाशिवाय वरण. पण आकडा कसा धरायचा हे कळलं पाहिजे. त्यांचं राज्य असेल तर एकूण रुग्ण सांगायचे, आपलं असेल तर दर दहा लाखांमागे. तेही वाईट दिसत असेल तर बरे होणाऱ्यांची टक्केवारी, ती कायम बरी दिसते, कारण बहुतेक माणसं बरीच होत होती. केरळचा उपयोग करायला शिका. सुरुवातीला केरळ मॉडेल म्हणून डोक्यावर घेतलं, २०२१ च्या उन्हाळ्यानंतर देशातले निम्मे रुग्ण एकट्या केरळात निघायला लागले तेव्हा दुसऱ्या बाजूने पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. मग आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, सिरो सर्व्हे आला, किती लोकांना रोग होऊन गेला ते रक्त तपासून बघणारा, जून जुलै २०२१ चा. त्यात मध्य प्रदेशात ७९ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी आणि केरळात जेमतेम ४४. म्हणजे केरळात तोवर निम्म्याहून जास्त लोकांना रोग शिवलाच नव्हता आणि जो शिवत होता तो वहीत लिहिला जात होता, उलट जिथे रुग्ण कमी दिसत होते तिथे तो गावभर फिरून गेला होता. हा आकडा फार घातक आहे. तो नीट समजून घेतला तर माणूस वाद घालायचाच थांबेल, म्हणून समजून घेऊ नका, फक्त ४४ किंवा फक्त ७९ एवढंच सांगा आणि पुढे सरका.

मृत्यूंचंही तसंच. महाराष्ट्राने १६ जून २०२० ला जुने राहिलेले १३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले. घातले नसते तर लपवले म्हटलं असतं, घातले तर बघा लपवले होते म्हणायचं. दोन्हीकडून दार उघडं. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की २०२० आणि २०२१ मिळून भारतात साथीपायी सुमारे ४७ लाख माणसं जास्तीची गेली, आपला सरकारी आकडा होता ४ लाख ८१ हजारांच्या आसपास. केंद्राने हिशेबाची पद्धतच मान्य नाही म्हटलं. इथे केंद्रवाल्यांनी लगेच त्या संघटनेची विश्वासार्हता काढायची. आणि राज्यवाल्यांनी तिचाच झेंडा धरायचा, कारण जुलै २०२० ला धारावीचं कौतुक तिनेच केलं होतं ना.

धारावीवर दोन शब्द जास्त बोलतो, कारण त्या बुफेतला वाद तिथेच अडकला होता. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ दहा लाख माणसं, पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला, बहुतेकांना संडास सार्वजनिक, एकाच नळावर वीस घरं, तिथे अंतर पाळा म्हणजे कुठे जाऊन पाळा? तरी साथ आवरली. श्रेय कोणाचं? राज्य सरकारचं, महापालिकेचं, संघाच्या स्वयंसेवकांचं, खासगी दवाखाने उघडून बसलेल्या डॉक्टरांचं, ज्याला जे पाहिजे ते घ्या. पीपीई किटमध्ये मे महिन्याच्या उकाड्यात गल्लीगल्लीत ऑक्सिमीटर घेऊन फिरणारे आणि संडासात दिवसातून कितीदा तरी फवारणी करणारे जे लोक होते त्यांच्या नावाने वाद जिंकता येत नाही, ते कोणाचे प्रवक्ते नव्हते.

मजुरांच्या गाड्यांचा विषय निघाला तर २४ मे २०२० ची रात्र सांगा. रेल्वेमंत्री ट्विटरवर विचारतायत १२५ गाड्या तयार आहेत याद्या कुठायत, राज्य म्हणतंय याद्या दिल्यात. मध्यरात्रीपर्यंत. दोन सरकारं, फोन असताना, ट्विटरवर. आणि त्याच आठवड्यात वसईहून गोरखपूरला निघालेली एक गाडी राउरकेल्याला जाऊन पोचली होती, ओडिशात. हे सांगितलं की सगळे हसतात, वाद खेळीमेळीत राहतो. त्याआधीचं, ८ मे चं करमाड मात्र काढू नका. जालन्याहून चालत निघालेले, रुळावर थकून झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले आणि दुसऱ्या दिवशी पेपरात रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचा फोटो. एकदा काढला होता मी विषय. एक जण म्हणाला, "रुळावर कोण झोपतं?" त्यानंतर जेवण कोणाला गेलं नाही, आणि वाद कोणी जिंकलंही नाही, मग काय उपयोग?

लसीत फार गंमत नाही. कोविशिल्ड पुण्यात बनली म्हणून आपली, प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा फोटो म्हणून त्यांची, मे २०२१ मध्ये दोन डोसांतलं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं ते विज्ञानामुळे की तुटवड्यामुळे हे ज्याच्या त्याच्या सरकारवर अवलंबून. माझा नंबर लागला तेव्हा पहाटे साडेचारला टोकन घेतलं होतं आणि रांगेत पुढे दोन वेगवेगळ्या पक्षांचे बॅनर होते, दोन्हीवर मोफत लसीबद्दल आभार.

एक धोक्याची सूचना द्यायची राहिली. मतं पेन्सिलीने लिहा. जून २०२२ मध्ये राज्यातलं सरकार बदललं. साथीच्या काळात नगरविकास खातं सांभाळणारे मंत्री मुख्यमंत्री झाले, पलीकडच्यांच्या मदतीने. वर्षभराने त्या वेळचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्रीही तिकडेच गेले. आता ज्या काकांनी दोन वर्षं घसा फोडून 'या सरकारने महाराष्ट्राची वाट लावली' म्हटलं होतं त्यांनी काय करायचं सांगा? त्यातली बरीच मंडळी यांच्याच घरी जेवायला. आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात इतकी शांतता होती की गुड मॉर्निंगची फुलं सुद्धा येईनात. मग एकाने हळूच लिहिलं की चुका मुख्यमंत्र्यांच्या होत्या, मंत्री चांगले होते. सगळ्यांना हायसं वाटलं.

शेवटी ऑक्सिजन. इथे सगळ्यात जास्त तयारी लागते, कारण २० जुलै २०२१ ला राज्यसभेत केंद्राने सांगितलं की ऑक्सिजनच्या तुटवड्याने मृत्यू झाल्याचं राज्यांनी कळवलेलं नाही, आणि आपल्या आरोग्यमंत्र्यांनीही आमच्याकडे तसा मृत्यू नाही असंच सांगितलं. दीड वर्षात दोन सरकारांचं एकमत झालेला मला तरी हा एकच मुद्दा आठवतो. मग भांडायचं कशावर? टँकरवर.

माझा टँकरचा मुद्दा तयार होता. २२ एप्रिल २०२१ ची रात्र. आदल्या दिवशी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकी गळून २२ जण गेले होते आणि ग्रुप पेटला होता. तिकडे कळंबोलीहून मालगाडीवर चढवून नेलेले सात रिकामे टँकर विशाखापट्टणमला भरून परत निघत होते. मी लिहीत होतो की टँकर राज्याने गोळा केले, गाडी रेल्वेची म्हणजे केंद्राची, ऑक्सिजन तिथल्या पोलाद कारखान्याचा, तर मग श्रेय कसं वाटायचं, आणि कोटा ठरवायचा अधिकार कोणाकडे. मुद्देसूद लिहीत होतो. मध्येच तळमजल्यावरच्या काकांच्या मुलीचा मेसेज पडला, "कोणाकडे ऑक्सिमीटर आहे का, बाबांचा ८६ दाखवतोय, मशीन बिघडलंय का बघायचंय." त्याच्या खाली एकाने राज्यवार पुरवठ्याचा तक्ता टाकला. त्याच्या खाली दुसऱ्याने दुसरा तक्ता. त्याच्या खाली मी.

ऑक्सिमीटर माझ्याकडे होता. कपाटात, तिसऱ्या कप्प्यात, सेलसकट. मेसेज मी नीट वाचला तो सकाळी चहा घेताना, वर स्क्रोल करत गेल्यावर. खाली गेलो तर दाराला कुलूप होतं, दुधाच्या दोन पिशव्या तशाच कडीला.

टँकरचा मेसेज अजून आहे, स्टार करून ठेवलाय, सात जणांचे अंगठे आले होते त्याला. कोणाला वादात लागला तर सांगा, फॉरवर्ड करतो.