मुदत मोजायची, पण तक्रार द्यायची कुणाकडे?
“एवढा त्रास होता तर तीन महिन्यांत तक्रार का केली नाही?” हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरच्या लेखातला सवाल खटकला. २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात ऑफिसातल्या तक्रार समितीला कारण लेखी नोंदवून तक्रारीची ही मुदत आणखी ३ महिने वाढवता येते. हे लेखात एका ओळीतही नाही.

आणि तक्रार द्यायची कुणाकडे? आमच्या जुन्या ऑफिसात समितीच्या नावांचा कागद पाण्याच्या कूलरमागे चिकटवलेला. अध्यक्षबाई नोकरी सोडून दीड वर्ष झालेलं, बाहेरच्या सदस्यांचा फोन कायम बंद. मैत्रीण शेवटी एचआरकडे गेली. “अगं, तो तसाच आहे, मनावर घेऊ नकोस,” म्हणून चहा पाजून परत पाठवलं. असे तीन-चार चहा झाले नि मुदत संपली. वाढवून मिळते, हे तिला कुणी सांगितलंच नाही.