संक्रांतीच्या आदल्या दिवसाची नोंद

मागच्या चैत्रात ऊसतोडीहून परतलेली एक बाई माझ्या आरोग्य उपकेंद्रात आली. वय तेवीस, दुसरी खेप, पाचवा महिना लागलेला. कडेवर सव्वा वर्षाचं लेकरू. तिचा रक्तगट बी निगेटिव्ह आहे हे मला तोंडपाठ होतं, कारण पहिल्या खेपेला नोंदणी मीच केली होती.

निगेटिव्ह गटाच्या आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत तिला अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं. नाही दिलं तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या खेपेला तीच पोटातल्या बाळाच्या रक्तावर उठतात. पहिलं लेकरू सुखरूप, दुसरं पोटातच जायचं, असं होऊ शकतं. म्हणून मला तिच्याबद्दल एवढं एकच हवं होतं: पहिल्या वेळी अँटी-डी मिळालं होतं का?

मी विचारलं तर म्हणाली, "इंजेक्शनं लई दिले बाई, कोन्तं कशाचं म्या काय सांगू? कागुद कोपीत व्हता. कोपी जळाली तवा समदंच गेलं." कोपी म्हणजे तोडीवरची झोपडी.

टॅब काढला. सुदैवाने त्या दिवशी रेंज होती. तिचं नाव निघालं, आरसीएच म्हणजे माता-बाल आरोग्याच्या सरकारी पोर्टलवरचा नंबर निघाला, मीच भरलेलं वजन, बीपी, रक्तगट, ९.२ हिमोग्लोबिन, सगळं जागच्या जागी. सातव्या महिन्यापर्यंत. दिवाळीनंतर टोळी निघाली आणि त्यापुढे सगळं कोरं. बाळंतपण झालं होतं सरकारी दवाखान्यातच, पण साडेतीनशे किलोमीटर लांब, कारखान्याच्या पट्ट्यात.

मग संध्याकाळी फोन घेऊन बसले. मुकादमाला लावला, त्याच्याकडून कारखान्याजवळच्या एका किराणा दुकानदाराचा नंबर मिळाला, त्याने तिथल्या आशाताईंचा दिला, आशाताईंनी दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या सिस्टरचा. तारीख काय सांगायची? बाईला आठवत होतं, "संकरातीच्या आदल्या दिशी." तेवढ्यावर त्या सिस्टरने कपाटातून मागच्या वर्षीचं लेबर रूमचं रजिस्टर काढलं, १३ जानेवारीचं पान उघडलं आणि मला वाचून दाखवलं: मुलगा, वजन २ किलो ४००, बाळाचा गट बी पॉझिटिव्ह, आईला अँटी-डी दिले, रात्री ९ वाजता. खाली सही.

मी फोनवर रडले. मग त्या बाईची आयसीटी, म्हणजे रक्तात तसली प्रतिपिंडं आहेत का ते पाहायची तपासणी करून घेतली, ती निगेटिव्ह आली, २८ व्या आठवड्यात अँटी-डीचा ठरलेला डोस दिला. श्रावणात मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत.

त्या रजिस्टरचं पान मी विसरू शकत नाही. कुणीतरी थकलेल्या सिस्टरने रात्री नऊ वाजता ते नीट लिहून ठेवलं होतं. माहिती होती, खरी होती, आणि सरकारी कपाटात सुरक्षित होती. फक्त जिच्यासाठी लिहिली तिच्यापर्यंत ती पोचायला एक मुकादम, एक दुकानदार आणि दोन अनोळखी बायकांचा चांगुलपणा लागला. आणि हेही सांगते, ती सिस्टर माझ्या आवाजावर विश्वास ठेवून बोलली. मी कोण, हे तपासायची तिच्याकडे काहीच सोय नव्हती. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर?

लोक मला म्हणतात, आता तर सगळं ऑनलाइन झालंय ना? झालंय. पण ऑनलाइनचेही प्रकार आहेत. २००८ पासून आरोग्य खात्याचं जे एचएमआयएस पोर्टल आहे, त्यात आकडे जातात. या महिन्यात नोंदणी किती, बाळंतपणं किती, लसी किती. मी पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला देते, तिथून तालुका, जिल्हा, राज्य, दिल्ली. त्यात बाई नसते, बेरीज असते. आरसीएचमध्ये नावानिशी नोंद असते, पण ती पुढे चालू राहायची तर जिथे बाई पोचली तिथल्या माणसाने तिचा नंबर विचारून, शोधून, एंट्री करायला हवी. कारखान्यावरच्या गर्दीत, रात्री कळा देत आलेल्या परजिल्ह्यातल्या बाईला बारा आकडी नंबर कोण विचारणार, आणि तिला तो आठवणार तरी कसा? त्या सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही. तिने बाळ काढलं, इंजेक्शन दिलं, रजिस्टर लिहिलं.

टीबीच्या पेशंटचं निक्षय पोर्टल मात्र मला खरंच आवडतं. २०१२ पासूनचं आहे. पेशंट तोडीला निघाला की निक्षयवर त्याची बदली तिकडच्या केंद्राला करता येते, औषध कुठवर आलं ते तिकडच्यांना दिसतं. पोषण आहाराचे पैसे त्याच नोंदीवरून खात्यात जातात, त्यामुळे पेशंटला स्वतःलाच ती नोंद नीट राहावी असं वाटतं. म्हणजे हे जमतं. टीबीच्या पेशंटला जमतं ते गरोदर बाईला का जमू नये?

बेरजेला मी नावं ठेवत नाही. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, पाहणी झाली, ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. प्रत्येक ऑपरेशनची फाईल कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात असणारच, पण एकावर एक ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या. मोजणी वेळेत झाली असती तर यातल्या किती जणी वाचल्या असत्या, हा विचार मला आजही झोपू देत नाही. पण मोजणी खरी कधी होते? एकेका बाईची नोंद खरी असली तरच. महिनाअखेरीला रिपोर्ट जुळवण्यासाठी भरलेल्या आकड्यातून असलं काही कधीच दिसणार नाही.

आता आभा आलंय. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, त्यात प्रत्येकाला आभा नावाचा चौदा आकडी नंबर, आणि तुमच्या परवानगीने तुमचे रिपोर्ट एका दवाखान्यातून दुसऱ्याला दिसणार. कल्पना अगदी योग्य आहे. मला हवंय ते हेच. पण माझ्या गावात परवानगी म्हणजे मोबाइलवर आलेला ओटीपी. आणि मोबाइल कुणाचा? नवऱ्याचा, दिराचा, कधी कधी चक्क मुकादमाचा. एका पोरीचं आभा काढताना ओटीपी सांगायला सासरा आला होता. तिने गर्भपात करून घेतला असेल, तिला एचआयव्ही असेल, तर ते कुणाला दिसावं हे ठरवणार कोण? एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवायला २०१७ चा कायदा आहे. पण ज्याच्या हातात मोबाइल त्याच्या हातात परवानगी, असं झालं तर कायदा कागदावरच राहतो. बाईचा अंगठा, बाईचा चेहरा, काहीही चालेल, पण परवानगी बाईचीच हवी. हे शहरात बसून पोर्टल बनवणाऱ्यांना कुणी सांगितलं का, मला शंका आहे.

आणि आम्हाला दिसू द्या. मी एकोणीस वर्षं भरतेय. भरलेलं वर जातं, खाली येतो तो "पेंडिंग" म्हणून आलेला मेसेज. परत यायला हवी ती यादी: तुझ्या गावच्या अमुक जणी परजिल्ह्यात बाळंत झाल्या, हिला अँटी-डी दिलं, हिचं हिमोग्लोबिन सातच्या खाली होतं, हिच्या बाळाची बीसीजी लस राहिलीय. एवढी यादी आली तर मी रात्री उशिरापर्यंत बसून एंट्री करीन, तक्रार करणार नाही.

तोवर मी एक करते. टोळ्या निघायच्या वेळी प्रत्येक गरोदर बाईच्या माता-बाल कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढते, तिच्या आणि आशाताईंच्या फोनवर पाठवते, कार्डाच्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरात रक्तगट आणि माझा नंबर लिहिते.

सांगली, कोल्हापूर, सातारा, बेळगावकडच्या भगिनींनो, यंदा तुमच्याकडे आमची एखादी बाई बाळंत झाली, तर त्या नंबरवर डिस्चार्ज कार्डाचा एक फोटो पाठवा. रात्री दोन वाजता पाठवला तरी मी बघीन.